आबासाहेबांना जिवंत करा

मी पडद्यावर मेलो की आमच्या सोसायटीचा वॉचमन दुसऱ्या दिवशी मला बघून खुर्चीतून उठतो. मेल्याशिवाय मान नाही म्हणतात ते खोटं नाही. एरवी हाच बाबा मोबाइलमधून मान वर काढत नाही.

माझं नाव यशवंत थिटे. नावावरून कुणी ओळखत नाही, तोंडावरून ओळखतात. चाकणच्या कांदा मार्केटात एक अडत्या बराच वेळ माझ्याकडे टक लावून बघत होता. शेवटी म्हणाला, "तुम्ही ते... ते हो... कोण ते?" मी म्हटलं, "हो, तोच." तो खूश, मी मोकळा. पिंपरीतल्या एका कंपनीत मशीन शॉपला होतो. पहिली शिफ्ट सुटली की युनियनच्या ऑफिसात तालीम, कामगारांच्या नाट्यस्पर्धेत दरवर्षी नाटक. तिशीत असताना दिग्दर्शकानं केसांना पांढरं फासून मला बाप केलं, तो मी आजतागायत बापच आहे. नायकाचा बाप, नायिकेचा बाप, व्हिलनचा लाचार बाप, मधूनच एखादा हवालदार नाहीतर न्यायाधीश. कंपनीनं व्हीआरएस दिली तोवर मालिकांचं पीक आलं होतं. मालिकेत बाप मेल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही, त्यामुळे मला काम कमी पडलं नाही.

रविवारी मोशीत एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये अभिनयाचा क्लास घेतो. चाकणच्या कंपन्यांतली पोरं येतात, हिंजवडीच्या मुली येतात. सगळ्यांना पहिल्याच दिवशी रडायला शिकायचं असतं. मी सांगतो, आधी गप्प बसायला शिका, रडायला आयुष्य पडलंय. निम्मे दुसऱ्या रविवारी येत नाहीत.

आता कौशल्येचं सांगतो. कौशल्या माझी बायको. गेली काही वर्षं ती विसरत चाललीय. आधी गॅस विसरली, मग वार, मग माणसं. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, ते मी घरात उच्चारत नाही. दिवसभर तिच्याजवळ मोशी गावठाणातल्या तानुबाई असतात. मुलगी अपेक्षा हिंजवडीला नोकरीला, ती शनिवारी येते. आणि संध्याकाळी साडेसातला कौशल्या टीव्हीसमोर बसते, कारण तेव्हा माझी मालिका लागते.

मालिकेचं नाव घेत नाही, करारात तसं लिहिलंय. मी त्यात आबासाहेब. कडक इस्त्रीचं धोतर, सोनेरी काड्यांचा चष्मा, तोंडात साखर. बायकोला 'माई, दमलात हो' असं म्हणणारा नवरा. पूर्वी कौशल्या मला टीव्हीत बघायची आणि शेजारी बसलेल्या मला चिमटा काढायची. म्हणायची, "तिकडे बरं गोड बोलता!" आजार वाढला तसा चिमटा बंद झाला. तिकडचा माणूस आणि इकडचा माणूस यांची तिच्या डोक्यात गल्लत व्हायला लागली. इकडचा बनियनवर बसून रिमोट कुठंय म्हणून खेकसायचा. नवरा कुठला धरायचा, हे ठरवायची वेळ माझ्यावर आली असती तर मीही आबासाहेबांनाच धरलं असतं. तरी तोवर निभत होतं. मी दारातून आत आलो की ती विचारायची, "शूटिंग संपलं?" मी म्हणायचो, "संपलं." मग ती मला पाणी द्यायची.

मग आबासाहेबांना मारायचं ठरलं.

दिग्दर्शक शेखर. माझ्याच क्लासमधला, माझ्याच ओरडण्यावर मोठा झालेला. शूटिंग चाकणच्या पुढे एका भाड्याच्या बंगल्यात चालतं. चहा घेऊन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, चॅनलला धक्का पाहिजे. तुमचं मरण मी मोठं करतो, चांगले पंधरा दिवस चालवतो." मी म्हटलं, "कर बाबा." मरणाचं आपल्याला काय नवीन आहे?

दुसऱ्या दिवशी सेटचं सामान बघणारा बंटी घरी आला. "काका, हार घालायला फोटो लागतोय. सेटवरचे सगळे हसरे आलेत. घरचा एखादा द्या ना." आता यात एक गोष्ट आहे. जुने नट घरचा फोटो हाराला देत नाहीत. वेगळा काढून घेतात, आणि सीन झाला की समोर फाडायला लावतात. मी असल्या गोष्टींना डोंबलाची किंमत देत नाही. हॉलच्या भिंतीवर अपेक्षाच्या लग्नातला आमचा दोघांचा फोटो होता, तो काढून दिला. बंटी म्हणाला, काकूंना कापून घेतो, मूळ फोटो आठवड्यात आणून देतो.

आठवड्यात त्यानं आणून दिला नाही, आणि मी सोमवारी टीव्हीवर मेलो.

मी कौशल्येशेजारीच बसलो होतो. शेंगदाणे खात होतो, खोटं कशाला बोलू. आबासाहेबांना झटका आला, माईसाहेबांनी टाहो फोडला, जाहिराती लागल्या. जाहिराती संपल्यावर भिंतीवर फोटो, फोटोला हार, खाली समई. कौशल्येनं तो फोटो बघितला. मग वळून आमच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीवर नुसता खिळा होता. पदर डोक्यावरून घेतला आणि जमिनीवर बसली.

सकाळी तानुबाई किंचाळल्या म्हणून मी मोरीकडे धावलो. कौशल्येनं कुंकू धुऊन टाकलं होतं. बांगड्या उतरवून ओट्यावर ठेवल्या होत्या, मंगळसूत्र त्यांच्याच शेजारी.

"आवो बाई, आसं काय करता!" तानुबाई तिचा हात धरून सांगत होत्या. "मालक हाय की जित्तं! ह्ये काय हितं उभं हाईत!"

कौशल्येनं माझ्याकडे बघितलं. चटकन पदर पुढे ओढला.

"भावजी, कधी आलात राजगुरुनगरहून? तुम्हाला कुणी कळवलं?"

राजगुरुनगरला माझा धाकटा भाऊ बबनराव असतो. शेती आणि रोपवाटिका बघतो. आम्हा दोघांचं नाक एक, टक्कल एक. मी म्हटलं, "कौशल्या, अगं मी आहे." ती खाली बघत म्हणाली, "भावजी, तुम्ही नावानं हाक मारू नका, बरं दिसत नाही." आणि मग ती रडली. मी मेलो म्हणून माझी बायको माझ्यासमोर रडत होती, आणि मी बघत होतो. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात, मग गाल आपला असूनही आपला लागत नाही, तसं झालं होतं. मी बाहेर जाऊन दूध तापत ठेवलं.

त्या दिवसापासून मी बबनराव झालो. अपेक्षानं, डॉक्टरांनी, सगळ्यांनी समजावून बघितलं. मी आधार कार्ड दाखवलं. कौशल्या म्हणाली, "त्यांचं कार्ड जपून ठेवा भावजी, पुढं लागेल." खरा बबन बिचारा धावत आला, तर त्याला तिनं विचारलं, आपण कोण. मग मीच म्हटलं, आता भांडू नका तिच्याशी. बाप केले, हवालदार केले, दीर करायला काय जातंय. बबनसारखं गुडघ्यावर हात ठेवून बसायला लागलो, तिला वहिनी म्हणायला लागलो. काम चोख होत होतं. मला त्याची लाजही वाटत नव्हती, अभिमानही नव्हता.

तेवढ्यावर निभलं असतं. पण मालिकेत दहावा आला. घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. सोमवारी शिवेना, मंगळवारी शिवेना, आठवडा गेला तरी शिवेना. तो कावळा कॉम्प्युटरवर केलेला, त्याला शिवायला काय धाड भरली होती? पण माईसाहेब रोज हात जोडून म्हणायच्या, "आबांची काय इच्छा राहिली असेल हो?" आणि इकडे कौशल्येनं ताट सरकवलं.

"यांचं काहीतरी राहिलंय भावजी. कावळा शिवेपर्यंत मला घास कसा उतरेल?"

ती खाईना. सकाळचा चहा, तानुबाईंनी लेकरासारखं चुचकारून पाजलेलं दूध, बस्स. टीव्ही बंद करून बघितला, तर साडेसातला दाराशी जाऊन उभी राहायची आणि थरथरायची. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर ॲडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल. अपेक्षाचा हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून फोन आला, कंपनीच्या कॅबमध्ये रडत होती. "बाबा, नळी घातली तर आई ती उपटून काढेल. तिचे हात बांधतील हो." मी म्हटलं, "बघू." ती चिडली, "तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" या प्रश्नाचं उत्तर मलाही पाहिजे होतं.

त्या रविवारी क्लासला गेलो. दिव्या नावाची मुलगी आहे, हिंजवडीतच नोकरी करते, तिनं विचारलं, "सर, घरात कुणी गेल्याची बातमी येते, तो क्षण करून दाखवा ना." मी उभा राहिलो. समोर पोरं, खाली रस्त्यावर पीएमपी बसचे हॉर्न. काय करायचं ते आठवेना. हात खाली लोंबत होते, तसेच राहू दिले. किती वेळ उभा होतो, देव जाणे. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिव्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बिनडोक कुठले! मी काही करतच नव्हतो. क्लास लवकर सोडून घरी आलो.

कौशल्या खिडकीशी बसली होती. गालाची हाडं वर आली होती. मला म्हणाली, "भावजी, बसा. तुम्ही त्यांचे पाठचे. तुम्हाला ठाऊक असेल, त्यांचं काय राहिलं?"

मी गुडघ्यावर हात ठेवून बसलो. पाठ केलेलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. शेवटी म्हटलं, "वहिनी, त्याला तुमच्याशी बोलायचं होतं."

"माझ्याशी?" तिला हसू आलं. "छे हो! ते कुठे घरी बोलायचे! सगळं बोलणं तिकडे खर्च करायचे आणि घरी आले की मुके. मी म्हणायची, अहो, मलाही एखादा डायलॉग द्या की." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण माणूस चांगला होता हो. आले की मला इतकं बरं वाटायचं. नुसतं दार वाजलं तरी."

हे ती मला कधी बोलली नव्हती. माझ्या पाठीमागे मलाच सांगत होती. मी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बस धरून चाकण गाठलं.

शेखर मॉनिटरसमोर बसला होता. मी सरळ म्हटलं, "शेखर, आबासाहेबांना जिवंत कर."

त्याला वाटलं थट्टा करतोय. मग मी सगळं सांगितलं. त्यानं टोपी काढली, परत घातली. "सर, चॅनल ऐकायचं नाही. अख्खं अंत्ययात्रेचं शूट गेलंय. चितेचा क्लोजअप आहे."

"अरे, तुमच्या मालिकेत डोक्यात नारळ पडून माणूस सगळं विसरतो आणि दुसरा नारळ पडला की सगळं आठवतं. दरीत पडलेल्या बाया तोंड बदलून परत येतात. एक म्हातारा तुम्हाला परत आणता येत नाही? मला पैसे नकोत. एक सीन पाहिजे. तो दारात येऊ दे, बायकोला दिसू दे, मग पुढच्या आठवड्यात काशीला पाठव नाहीतर खड्ड्यात घाल." माझा आवाज चढला होता, लाइटवाले बघायला लागले. "ती मरायला टेकलीय रे. माझ्या मरणानं मरतेय."

शेखरनं चहाचा कप बाजूला ठेवला आणि म्हणाला, "कावळा अजून शिवला नाही ना, म्हणजे वाट आहे. जळाला तो दुसराच, ओळख पटवताना चूक झाली. बोलतो मी चॅनलशी." पोरगं शब्दाला जागलं. चॅनललाही धक्काच पाहिजे होता, त्यांना मारण्याचा काय आणि जगवण्याचा काय. आठवडाभरात सीन लागला. तोवर आम्ही कौशल्येला चमच्या-चमच्यानं दुधावर धरून ठेवलं.

सीन साधा होता. आबासाहेब दारात येतात, माईसाहेब भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात. मी आलो, चपला काढल्या, उभा राहिलो. शेखरनं पहिल्याच टेकला कट म्हटलं आणि डोळे पुसले. मला काही झालं नाही. निघताना कपडेपटातून आबासाहेबांचं धोतर, सदरा आणि चष्मा मागून घेतला. मनात गणित पक्कं होतं. ती आबासाहेबांना परत आलेलं बघेल, वळून शेजारी बघेल, शेजारी आबासाहेबच बसलेले असतील.

ज्या दिवशी तो भाग लागणार होता, त्या दिवशी अपेक्षा सुट्टी घेऊन आली. साडेसातला मी धोतर नेसून सोफ्यावर बसलो. तानुबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. कौशल्या माझ्या शेजारी, वाळून काटकी झालेली. टीव्हीत दार उघडलं आणि आबासाहेब दिसले.

"अगं बाई!" कौशल्या म्हणाली. "अगं बाई, आले!"

तिच्या तोंडावर रक्त चढलं. उठली ती कुणाचा हात न धरता उठली. आत जाऊन कुंकू लावलं, चांगलं ठसठशीत. बांगड्या चढवल्या. मंगळसूत्र अपेक्षाकडून घालून घेतलं. "तानुबाई, भाकरी टाका. मलाही भूक लागलीय. ते येतील आता शूटिंगवरून." अपेक्षानं माझा हात दाबला. तानुबाई डोळे पुसत पीठ मळायला लागल्या. मी धोतराची चूण सारखी केली आणि सरसावून बसलो, आता माझी एन्ट्री होती.

कौशल्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला आणि वाकून मला नमस्कार केला.

"भावजी, हे आले बरं का. तुम्ही या दिवसांत आमच्यासाठी फार केलंत, सख्ख्या भावानं करावं तसं. आता तुम्ही आपल्या घरी जा. यांना घरात कुणी राहिलेलं आवडत नाही. तापट आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे."

"आई!" अपेक्षा ओरडली. "अगं हे बाबाच आहेत! नीट बघ तरी!"

कौशल्येचं तोंड कावरंबावरं झालं. हात बांगड्यांकडे गेला, त्या उतरवायलाच निघाली. मी अपेक्षाला डोळ्यानं गप्प केलं.

"निघतो वहिनी," मी म्हटलं.

चपला घातल्या आणि बाहेर आलो. मागे दार लागलं. जिन्यात उभा राहिलो. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, म्हणजे ती जेवणार होती. हेच तर पाहिजे होतं. मग मला वाटलं, नट आहे मी, एवढं काय अडलंय. बाहेर गेलो ते भावजी, आत येईल तो नवरा. चष्मा नीट केला, खांदे आबासाहेबांसारखे मागे घेतले आणि बेल वाजवली.

आतून पळत आल्याची पावलं. दार तिनंच उघडलं. हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या, कपाळावर कुंकू, तोंडभर हसू. लग्न होऊन मोशीला आलो तेव्हा असं हसायची. ते हसू माझ्यासाठीच होतं, आणि मी तिथे उभा होतो. एवढे दिवस जे आत मेल्यासारखं पडलं होतं ते एकदम हललं. मी म्हटलं, "कौशल्या..."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरून मागे जिन्यात बघितलं, तिथे कुणी नव्हतं. हसू तसंच राहिलं, फक्त माझ्यापुरतं जरा आवरतं झालं.

"काय भावजी, काही राहिलं का?"

मला रडू फुटलं. क्लासमधल्या पोरांना जे करू देत नाही ते सगळं झालं, नाक वाहिलं, तोंड वाकडं झालं. ती घाबरली नाही. तिला वाटलं, भाऊ परत आला म्हणून आनंदानं रडतायत. तांब्या खाली ठेवला आणि पदरानं माझे डोळे पुसले.

"पुरे आता," ती म्हणाली. "सावकाश जा. आणि रुक्मिणीला सांगा, हे आले म्हणून. ती पण काळजीत असेल."

रुक्मिणी म्हणजे बबनची बायको. मी म्हटलं, "सांगतो वहिनी."

आणि राजगुरुनगरची बस धरायला खाली उतरलो.